पालकांना बोलावून घ्या

सर्व संबंधितांस, तसेच ज्यांचा काडीचाही संबंध नाही अशाही सर्वांस, याद्वारे अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, प्रस्तुत लेखिका, वय वर्षे चौपन्न, दोन मुलांची आई, बीडमधल्या एका महाविद्यालयात मराठीची प्राध्यापिका, ही गेली दहा-अकरा वर्षे जिल्हाभर मिशी लावून हिंडत आहे. सदर मिशी काळी, जाड व दोन्ही टोकांना वर वळलेली असून ती ओठावर डिंकाने चिकटविण्यात येते. उन्हाळ्यात ती घामाने सुटते. याबाबत कोणाची काही तक्रार असल्यास ती लेखी व सहीनिशी द्यावी. तोंडी तक्रारीची दखल घेतली जाणार नाही.

हे शेवटचं वाक्य मी गमतीनं लिहिलं. पण खरं सांगू का, माझं सगळं काम त्याच एका वाक्याशी कुस्ती खेळण्याचं आहे.

काम काय ते सांगते. कॉलेज कुठलंही असो, तिथं एक अंतर्गत तक्रार समिती असावी लागते. कुणा मुलीला, बाईला कुणी नको तसं बोललं, नको तिथं हात लावला, मार्कांची किंवा नोकरीची भीती घालून काही मागितलं, तर तिनं या समितीकडं जायचं. लिहिता येत नसेल तर समितीनं लिहून घ्यायला मदत करायची. समितीत कॉलेजातल्या लोकांबरोबर एक बाहेरचा सदस्य असतो, कारण घरचा न्याय घरच्यांकडंच झुकतो. जातीवरून, धर्मावरून कुणाला वेगळं वागवलं तर त्यासाठी आणखी एक कक्ष असतो. आणि हे सगळं आहे हे लोकांना कळावं म्हणून प्रशिक्षण घ्यायचं असतं. बऱ्याच ठिकाणी प्रशिक्षणाचे फोटो आधी काढतात आणि मग प्रशिक्षण विसरून जातात. विद्यापीठाकडं आम्हा प्रशिक्षकांची यादी आहे. त्यात माझ्या नावापुढं कुणीतरी पेनानं 'नाटकवाल्या' असं लिहून ठेवलंय. मी ते खोडायला लावलेलं नाही.

कारण ते खरं आहे. मी मूळची परळीची. वडील थर्मल वीजकेंद्रात कामाला होते. आमच्या कॉलनीत दोरीवरचे कपडे वाळेपर्यंत राखेनं पुन्हा मळायचे. भीमजयंतीला कॉलनीत स्टेज लागायचं, आणि त्या स्टेजवर मी आठव्या वर्षी गावच्या पाटलाचं काम केलं, कारण मुलगे ऐनवेळी लाजून पळाले. तेव्हापासून खलपुरुष ही माझी हक्काची भूमिका. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवयही तिथलीच. कोळशाची मालगाडी चालली असताना संवाद म्हणायचा तर आवाज गळ्यातून काढून भागत नाही, बेंबीपासून काढावा लागतो.

आणखी एक खुलासा. या लेखात कुणाचंही आडनाव नाही. शोधत बसू नका. आपल्याकडं माणूस आडनावापासून सुरू होतो आणि बऱ्याचदा तिथंच संपतो. मला आज तो जरा पुढं न्यायचाय.

तर गोष्ट शिरूर कासारच्या पलीकडच्या एका कॉलेजची. डांबरी संपून खडी सुरू होते तिथं हे कॉलेज आहे. दिवाळीनंतर इथले निम्मे आईबाप ऊसतोडीला जातात आणि पोरं आज्या-चुलत्यांकडं राहून शिकतात. या कॉलेजच्या समितीवर बाहेरची सदस्य मीच. प्रशिक्षणाच्या आधी फोन आला तो प्राचार्यांचा. माणूस सज्जन, पण घाबरट. टेबलावरची काच पुसत बोलायची त्यांना सवय, फोनवरसुद्धा पुसल्याचा आवाज येतो.

"मॅडम, आमच्या इथं असलं काही नसतंय. आमचं कॉलेज म्हणजे एक कुटुंब हाय."

"सर, कुटुंबात तर सगळ्यात जास्त असतं."

पलीकडून काच पुसण्याचा आवाज वाढला.

मी पोचले तर फाटकापाशी नऊवारी नेसलेल्या सहा मुली हातात औक्षणाची ताटं घेऊन उन्हात उभ्या. विषय समानतेचा, म्हणून स्वागत जंगी! मी पहिल्या मुलीच्या हातातलं ताट घेतलं आणि तिलाच ओवाळलं. मग दुसरीला. तिसरी हसून हसून वाकली. प्राचार्य मागं उभे राहून म्हणत होते, "मॅडम, उलटं होतंय, उलटं होतंय." मी म्हटलं, "सर, आज सगळं उलटंच करायचंय." मग शाल, श्रीफळ, फेटा. शिपाई बाबूमामा फेटा घेऊन आले आणि माझ्या अंबाड्याकडं बघत म्हणाले, "ह्याच्यावर कसा बसंल?" बाबूमामा निवृत्तीला आलेले, कमी बोलणारे, पण बोलले की त्यावर पुन्हा बोलायला जागा ठेवत नाहीत.

मग चहा. चहा अर्थातच मुलीच देणार होत्या. मी म्हटलं, आज मुलगे देतील. ट्रे हातात आल्यावर एक दांडगा मुलगा गोंधळून म्हणाला, "मॅडम, सुरुवात कुठनं करायची असती?" मागून त्याचा दोस्त ओरडला, "घरी आय करती तिथनं कर बे!" हशा झाला. पण पोरानं चहा चांगला दिला, एकही कप हिंदकळला नाही.

मग तक्रारपेटीचं उद्घाटन माझ्या हस्ते. लाल पेटी, तिला झेंडूचा हार. लावलेली कुठं? प्राचार्यांच्या केबिनबाहेर, बरोबर कॅमेऱ्याच्या खाली. पेटीखाली एक लाकडी बाक. हा बाक या कॉलेजात फार प्रसिद्ध. कुणाच्या पोरानं भानगड केली, कुणाची पोरगी कुणाशी बोलताना दिसली, की प्राचार्यांचं ठरलेलं वाक्य, 'पालकांना बोलावून घ्या'. ते पालक येऊन या बाकावर बसतात. त्यामुळं पेटीत चिठ्ठी टाकायची तर आधी कुणाच्या तरी बापाच्या डोक्यावरून हात न्यावा लागतो.

"मामा, जुनी पेटी होती तिच्यात कधी काय निघालं का?" मी विचारलं.

बाबूमामांनी आठवून सांगितलं, "एकदा निघालती चिठ्ठी. 'पंखा वाजतोय' म्हणून. अन् गणपतीत कुणीतरी दुर्वा घातलत्या."

मी पेटी स्त्रियांच्या स्वच्छतागृहाकडच्या वळणावर हलवायला सांगितली. तेव्हा हार काढून पुन्हा घालावा लागला, एवढाच काय तो विलंब.

नाटकाआधी माझा एक छोटा खेळ असतो. त्या दिवशी त्याचा मसाला मला ऑफिसातच मिळाला. मानधनाच्या कागदावर नाव लिहिताना क्लार्क म्हणाला, "मॅडम, पूर्ण नाव?" मी माझं आणि वडिलांचं सांगितलं. "म्हणजे पुढचं?" मी म्हटलं, "पुढचं अजून ठरलं नाही." तो हसला, पण पेन खाली ठेवेना. "गाव?" "परळी." "परळीत कुठं?" "थर्मलच्या कॉलनीत." "न्हाई, त्याच्या आधी?" "त्याच्या आधी आईच्या पोटात."

हाच संवाद मी हॉलमध्ये एका मुलाला समोर उभं करून केला. मी क्लार्क, तो मी. लोक हसत होते. मग हसता हसता कुठंतरी आवाज कमी झाला, कारण हे सगळ्यांच्या ओळखीचं निघालं. तिसऱ्या रांगेतला एक मुलगा उठला आणि म्हणाला, "मॅडम, होस्टेलच्या मेसमधी बी आधी हेच विचारतेत. मंग कुठल्या घागरीचं पाणी घ्यायचं ते सांगतेत." एवढंच बोलला आणि बसला. मी मेस बघणाऱ्या सरांकडं फक्त बघितलं. आता तिथं एकच मोठी टाकी आहे आणि तिला एकच तोटी आहे. सुरुवातीला काही जण घरून बाटली आणत. पण शिरूरच्या मे महिन्यात एका बाटलीवर कुणाचा अभिमान टिकत नाही.

मग नाटक. ही माझी कामाची पद्धत, म्हणून जरा सविस्तर सांगते. मी मिशी लावते, काखेत जर्नलचा गठ्ठा घेते आणि 'साहेब' होते. कुठल्यातरी मुलीला स्टेजवर बोलावते. मी सही द्यायची, तिला सही हवी. मी म्हणते, "जर्नल ठेवून जा. सगळ्या गेल्या की एकटी ये. निवांत बघू." प्रेक्षकांसाठी एकच नियम. कुणालाही वाटलं की आता पुरे, त्यानं मोठ्यानं 'थांब' म्हणायचं. नाटक जागेवर थांबतं. मग त्यानं वर यायचं आणि आपण काय केलं असतं ते करून दाखवायचं.

पहिलं 'थांब' नेहमी एखाद्या पहिलवानाचं असतं. त्या दिवशीही मघाचा चहावाला दांडगा उडी मारून वर आला आणि त्यानं मला हवेत एक ठोसा लगावला. मी अशी काही पडले की माईकचा स्टँड माझ्याबरोबर आला. टाळ्या, शिट्ट्या! पोरगा कॉलर वर करून निघाला. तेवढ्यात मी उठले, धूळ झटकली, मिशीला पीळ दिला आणि त्या मुलीला म्हटलं, "हिरो गेला? बरं झालं. आता सांग, जर्नलवर सही कुणाची लागते?"

कॉलर वर केलेला पोरगा मागं वळून बघायला लागला.

माझ्या कामातला हा माझा सगळ्यात लाडका क्षण. ठोसा मारून प्रश्न सुटत नाही हे पोरांना तिथं कळतं, आणि मग खरी डोकी चालायला लागतात. एक मुलगी 'थांब' म्हणून आली आणि म्हणाली, "सर, सही हितंच द्या, सगळ्यांसमोर." दुसरी तिच्या शेजारी नुसती येऊन उभी राहिली. मी तिला म्हटलं, "तुझं काय काम?" ती म्हणाली, "काय न्हाई. म्या हाय हितं." मग तिसरी. बघता बघता स्टेजवर नऊ मुली आणि साहेब कोपऱ्यात. घामानं मिशीचं एक टोक सुटून लोंबायला लागलं, लोक हसून बेजार झाले, आणि कार्यक्रम दणक्यात संपला. समितीच्या अध्यक्ष मीना मॅडम, भूगोलाच्या, शांत, काटेकोर, त्यांनी समितीची माहिती सांगितली. मी शेवटी माईकवर ठणकावून म्हणाले, "तक्रार दिली की ती गुप्त राहते. समितीच्या बाहेर कुणाला कळत नाही. माझा शब्द!"

हा 'माझा शब्द' पुढं मला कसा चावला ते सांगतेच.

पांगापांग झाली. मी स्टेजवर गुडघ्यावर बसून मिशी शोधत होते, कुठंतरी पडली होती. एक मुलगी आली. सकाळी ओवाळलेल्या सहांपैकी एक. खरं नाव सांगणार नाही. लेखात कोणतं नाव घालू असं तिलाच विचारलं तर म्हणाली, "जरा भारीतलं घाला." म्हणून राजेश्वरी. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. नाटकात तिनं एकदाही 'थांब' म्हटलं नव्हतं.

तिनं ओंजळ पुढं केली. "मॅडम, तुमची मिशी."

"अगं, वाचवलंस. हिच्याशिवाय माझं पोट भरत नाही."

ती हसली नाही. मिशी माझ्या तळहातावर ठेवून म्हणाली, "मॅडम, आमच्या सरांना मिशी न्हाई."

मी उठायची थांबले. तशीच गुडघ्यावर बसून राहिले, कारण मी उभी राहिले असते तर ती कदाचित गेली असती.

प्रकार असा होता. केमिस्ट्रीचे सर जर्नलवर सही द्यायला मुलींना प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत एकेकटीला बोलवत. अक्षर सुधारायच्या नावाखाली हात धरत, तो सोडत नसत, नको ते बोलत. राजेश्वरीनं हात झटकला, तेव्हापासून तिचं जर्नल बिनसहीचं होतं. जर्नल नाही तर प्रात्यक्षिक परीक्षा नाही, आणि ती नाही तर पदवी नाही.

"घरी सांगितलंस?"

"घरी?" ती म्हणाली. "मॅडम, घरी कळलं की म्या कॉलेजात नसते. मामाचा पोरगा तयारच हाय. पुढच्या हंगामाला नवा कोयता."

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडं ऊसतोडीत कोयता म्हणजे हत्यार नाही, नवरा-बायकोची जोडी. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. लग्न झालं की पोरगा-पोरगी मिळून एक कोयता होतो. राजेश्वरीला तिच्या घरात पहिल्यांदाच बीएस्सी व्हायचं होतं. तिला कोयता व्हायचं नव्हतं.

ती तासभर बसून लिहीत होती. मीना मॅडम शेजारी होत्या. तारखा, जागा, शब्द, सगळं नीट. मी मध्ये एकच सूचना केली, 'आदरणीय सर' यातलं 'आदरणीय' काढ. तिनं काढलं नाही. म्हणाली, "ऱ्हाऊ द्या मॅडम. त्यांना वाचताना लाज वाटंल."

समितीनं काम सुरू केलं. सरांना तक्रारीची प्रत गेली आणि लेखी म्हणणं द्यायला दिवस ठरला. चौकशी होईपर्यंत मुलींची जर्नलं दुसऱ्या शिक्षकानं तपासावीत, असं पत्र आम्ही प्राचार्यांना दिलं. सगळं नियमात. मी बीडला घरी आले, पाय वर करून बसले आणि स्वतःवर भलतीच खूश होते.

दोन दिवसांनी राजेश्वरीचा फोन.

"मॅडम, तुमी म्हणलता, समितीच्या बाहेर कुणालाच कळत न्हाई."

"हो. म्हणाले होते."

"आय निघालीय. परवा येती."

मी प्राचार्यांना फोन लावला. ते अगदी निरागसपणे म्हणाले, "मॅडम, शप्पथ सांगतो, कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलं न्हाई. फक्त तिच्या पालकांना बोलावून घ्यायला लावलं. क्लार्कला म्हणलो, कारण सांगू नको. म्हणजे गुप्तच हाय ना?"

त्यांचा हेतू वाईट नव्हता, हीच पंचाईत. वीस वर्षं कुठल्याही कागदावर 'मुलगी' हा शब्द वाचला की त्यांचा हात आपोआप बाकाकडं वळायचा. आणि मी? मी मुलींना 'थांब' म्हणायला शिकवलं, मुलांना शिकवलं, हवेतले ठोसे खाल्ले. प्राचार्यांसाठी नाटकात एकही प्रवेश ठेवला नव्हता. कागद त्यांच्या टेबलावर जाणार हे मला माहीत होतं. तो बाक मी डोळ्यांनी पाहिला होता. वर विनोदसुद्धा केला होता! पेटी बाकावरून हलवली आणि बाक तसाच ठेवला. शब्द मी दिला होता आणि किंमत ती पोर मोजणार होती. राजेश्वरी फोनवर रडली नाही, ओरडली नाही. "बरं मॅडम," म्हणाली आणि ठेवून दिला.

परवा म्हणजे नेमका सरांनी म्हणणं द्यायचा दिवस. मी सकाळच्या पहिल्या एस.टी.नं निघाले. मुलगी आणि सर समोरासमोर येऊ नयेत म्हणून आम्ही वेळा वेगळ्या ठेवल्या होत्या. ती अकराला, सर एकला. पण सर दहालाच येऊन बसले. प्राचार्यांना एकट्यात गाठायचं असणार. बाबूमामांनी त्यांना आत सोडलं नाही. "सायेब कामात हायेत. बसा," म्हणाले आणि बाक दाखवला. गेली कित्येक वर्षं तेच सर पोरांच्या बापांना त्या बाकावर बसवत आले होते. बसले बिचारे. बूड जेमतेम टेकवलं होतं.

थोड्या वेळानं राजेश्वरीची आई आली. तीन गाड्या बदलून. एकटीच, कारण मुकादमानं दोघांना सोडलं नाही. बोचकं पायाशी ठेवून तीही बाकावर टेकली, सरांच्या शेजारी. पुढचा प्रसंग मी पाहिला नाही, बाबूमामांनी सांगितला. अर्धा तास दोघं शेजारी शेजारी. बाईनं शेवटी त्यांच्याकडं बघून काळजीच्या सुरात विचारलं, "दादा, तुमच्या बी पोरीला काय झालंय का?"

बाबूमामा म्हणाले, "मॅडम, त्या टायमाला सरांनी घड्याळ बघितलं, पण घड्याळ दुसऱ्या हातावर होतं."

आई आत आली तेव्हा केबिनमध्ये आम्ही चौघं होतो. प्राचार्य, मीना मॅडम, मी आणि ऑफिसच्या दारानं आत आणलेली राजेश्वरी. आईच्या हातांवर उसाच्या पाचटाचे बारीक ओरखडे, काही ताजे. खुर्ची दिली तर ती काठावर बसली. लेकीकडं बघितलं. लेक फरशीकडं बघत होती. मी बोलायला तोंड उघडलं, पण प्राचार्यांचं भाषण सुरू झालं होतं. त्या खुर्चीतून पालकांसमोर ते भाषण आपोआपच सुरू होतं.

"ताई, घाबरायचं कारण न्हाई. मुलीच्या काळजीपोटीच बोलावलंय. जरा वातावरण निवळेपर्यंत तिला थोडे दिवस घरी..."

"थांबा, सर."

राजेश्वरी बोलली. आवाज मोठा नव्हता, पण तो शब्द मी ओळखला. भर हॉलमध्ये जो आला नाही तो इथं आला होता. आणि आता मीही एकदा 'थांब' म्हणते, कारण नियम सगळ्यांना लागू आहे. नाटक इथं जागेवर थांबवून पुढचं आधी सांगून टाकते, म्हणजे तुमच्या जिवाला घोर नको.

राजेश्वरी घरी गेली नाही. त्याच आठवड्यात आणखी चार मुलींनी लेखी दिलं. चौघी मिळून आल्या, एकमेकींच्या शेजारी उभ्या राहून. चौकशी पूर्ण झाली, तक्रार खरी ठरली, संस्थेनं कारवाई केली. ती काय हे सांगायचं नाही असा नियम आहे, आणि एकदा शब्द मोडल्यावर मी आता फार सांभाळून असते. जर्नलवरच्या सह्या त्या कॉलेजात आता वर्गात, सगळ्यांसमोर होतात. राजेश्वरी बीएस्सी झाली. आता बीडमध्ये एमएस्सी करते आणि मधूनमधून माझ्याबरोबर प्रशिक्षणाला येते. मुलीचं काम ती करत नाही. साहेबाचं करते, आणि माझ्यापेक्षा बरं करते. मिशीशिवाय.

बाक गेला. प्राचार्यांनीच तो ग्रंथालयात नेऊन ठेवला. त्या दिवसानंतर ते इतर प्राचार्यांना स्वतःची चूक न लाजता सांगतात, आणि माझ्या नाटकात आता प्राचार्यांचा एक स्वतंत्र प्रवेश आहे. हा लेख लिहू का असं विचारलं तर म्हणाले, "लिहा. फक्त मला जरा तरुण दाखवा." तर वाचकहो, ते तरुण होते.

आता नाटक पुढं सुरू.

राजेश्वरीनं 'थांबा' म्हटलं आणि मग आईकडं वळून सगळं सांगितलं. जर्नल, मागची खोली, हात, महिनाभर अडकलेली सही. रडत नव्हती, प्रयोगाची कृती सांगावी तसं एकामागून एक सांगत होती. शेवटी म्हणाली, "आय, म्या काय बी केलं न्हाई."

सगळं ऐकून झाल्यावर तिनं एकच विचारलं, "कोन हाय त्यो?"

मीना मॅडमनी नियमाप्रमाणे ओठ मिटले. प्राचार्यांनी काच पुसायला घेतली. तेवढ्यात बाबूमामा पाण्याचे पेले घेऊन आत आले, आणि दोन्ही हात अडकल्यामुळं त्यांनी दारावरचा पडदा खांद्यानं असा काही सारला की तो बाजूलाच राहिला. बाहेर बाकावर सर. राजेश्वरीनं तिकडं बघितलं आणि लगेच नजर वळवली. आईला तेवढं पुरलं.

"त्यो? माझ्या शेजारी बसलता त्यो?"

"ताई, शांत व्हा, हे बघा..." प्राचार्य उठले.

बाई शांतच होती. ती उभी राहिली, पदर खोचला. मला वाटलं, आता लेकीचा दंड धरते आणि चालू पडते. राजेश्वरीलाही तेच वाटलं असणार. तिनं खुर्चीची कड घट्ट धरली होती. पण आई टेबलापाशी गेली, काचेवर ओरखड्यांचे दोन्ही हात टेकवले आणि बाहेरच्या बाकावरच्या माणसालाही स्वच्छ ऐकू जाईल अशा, उसाच्या फडात या टोकाकडून त्या टोकाला साद घालतात तसल्या आवाजात प्राचार्यांना म्हणाली,

"हात धरला त्यानं, अन् तीन गाड्या बदलून आले म्या. त्याच्या आयला काहून न्हाई बलावलं?"